तान्ह्याचे दूध आणि आपली अमानत

सूरह अन-नहलच्या ६६ व्या आयतीत सर्वश्रेष्ठ अल्लाहने आपले लक्ष गुराढोरांकडे वेधले आहे. त्यांच्या पोटात एकीकडे शेण आहे, दुसरीकडे रक्त आहे आणि या दोहोंच्या मधून पिणाऱ्याच्या घशाखाली सुखाने उतरणारे निखळ दूध तो आम्हाला पाजतो, यात बोध घेण्यासारखे पुष्कळ आहे, असा त्या आयतीचा आशय आहे. इस्राच्या रात्री आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे मद्य आणि दूध अशी दोन पात्रे ठेवण्यात आली. त्यांनी दुधाचे पात्र उचलले आणि ही निवड मानवाच्या मूळ प्रकृतीला धरून आहे, असे त्यांना सांगण्यात आले. इतर अन्न ग्रहण करताना याहून उत्तम मिळो, अशी प्रार्थना प्रेषितांनी शिकविली. दूध पिताना मात्र हेच आणखी मिळो, अशी प्रार्थना शिकविली. भूक आणि तहान या दोहोंना पुरे पडणारी दुधासारखी दुसरी वस्तू नाही, हे त्यामागचे कारणही त्यांनीच सांगितले.

दुधाची ही थोरवी आमच्या घराघरांत मुरलेली आहे. म्हणूनच एखाद्या तान्ह्या बाळाला गाईचे दूध मानवत नाही, ते पोटात जाताच त्याच्या अंगावर गांधी उठतात किंवा शौचात रक्त दिसते, असे डॉक्टर सांगतात तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना ते पटत नाही. ज्याला अल्लाहने निखळ आणि सुखावह म्हटले ते निष्पाप जिवाला कसे बाधेल? आणि बाधत असेलच, तर अल्लाहवर भरवसा ठेवून पाजत राहावे की डबाबंद भुकटीच्या मागे लागावे? हे प्रश्न वरवर वैद्यकीय दिसतात. पण त्यांच्या मुळाशी देणगी, भरवसा आणि अमानत या तीन गोष्टींविषयीची आपली समजूत आहे. ती समजूत चुकली, तर त्याची किंमत बोलता न येणारे बाळ मोजते.

आजार नेमका काय आहे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. गाईच्या दुधात केसीन आणि व्हे या दोन गटांतील प्रथिने असतात. काही बाळांची रोगप्रतिकारशक्ती या प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध उठते. हीच गाईच्या दुधाची ॲलर्जी. पाश्चात्त्य देशांत झालेल्या पाहण्यांत शंभरापैकी साधारण दोन-तीन बाळांना ती असल्याचे आढळले आहे. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांत हे प्रमाण पुष्कळच कमी असते. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात दूध पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत परिणाम दिसतो: अंगावर गांधी, ओठ व डोळे सुजणे, उलटी, छातीत घरघर, आणि क्वचित श्वास अडकून जिवावर बेतणे. दुसऱ्या प्रकारात परिणाम काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी उमटतो: शौचात रक्त व आव, सततचे जुलाब, न हटणारा इसब, वजन न वाढणे. हा दुसरा प्रकार ओळखण्यास कठीण, कारण कारण आणि परिणाम यांत अंतर पडते आणि घरचे लोक दात येणे, हवा, दृष्ट अशा कारणांकडे वळतात.

दूध न पचणे आणि दुधाची ॲलर्जी या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीत अडचण दुधातील साखरेची असते आणि तान्ह्या वयात ती जन्मजात असणे फार दुर्मीळ आहे. दुसरीत अडचण प्रथिनांची असते. म्हणून साखर काढून टाकलेल्या दुधाच्या भुकटीने ॲलर्जी असलेल्या बाळाला काहीही लाभ होत नाही. शेळीचे दूध हलके असते, हा समजही इथे कामास येत नाही. शेळी, मेंढी आणि म्हैस यांच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की ज्याला गाईचे बाधते त्याला बहुधा तीही बाधतात.

उपाय आहे आणि तो साधा आहे. आई अंगावर पाजत असेल तर तिने पाजणे सुरूच ठेवावे. केवळ स्वतःच्या आहारातून दूध व दुधाचे पदार्थ वर्ज्य करावेत. अंगावरचे दूध नसेल किंवा पुरत नसेल तर डॉक्टर विशेष फॉर्म्युला लिहून देतात. त्यात दुधातील प्रथिने विकरांच्या साह्याने इतकी बारीक तोडलेली असतात, की बहुतेक बाळांचे शरीर त्यांना ओळखत नाही. शंभरापैकी नव्वदच्या आसपास बाळांना एवढे पुरते. उरलेल्यांसाठी आणि आजार तीव्र असलेल्यांसाठी सुट्या अमिनो आम्लांपासून बनविलेला फॉर्म्युला असतो. प्रथिने अर्धवट तोडलेला फॉर्म्युलाही दुकानात मिळतो. तो या आजारावरचा उपाय नव्हे. सोयाबीनचा फॉर्म्युला सहा महिन्यांखालील बाळाला सहसा देत नाहीत. घरी केलेले बदामाचे, तांदळाचे किंवा सोयाबीनचे दूध बाळाच्या वाढीस पुरत नाही. आणि समाधानाची गोष्ट अशी, की तीन ते पाच वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुले यातून बाहेर पडतात. अनेकांना तर त्याहून लवकर दूध सोसू लागते.

हलाल वस्तू प्रत्येकाला मानवेलच असे नाही

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. एखादी वस्तू हलाल आणि उत्तम असणे वेगळे आणि ती प्रत्येक शरीराला प्रत्येक स्थितीत मानवणे वेगळे. अन-नहलच्या आयतीत मानवजातीवरील एका देणगीचे वर्णन आहे. प्रत्येक तान्ह्याला गाईचे दूध पाजलेच पाहिजे, असा आदेश तिच्यात नाही. सूरह अल-बकराच्या १६८ व्या आयतीत हलालबरोबर ‘तय्यिब’ हा शब्द आलेला आहे. तय्यिब म्हणजे चांगले, शुद्ध, हितकर. खाणाऱ्याच्या हिताचा विचार या शब्दातच सामावलेला आहे.

प्रेषितांच्या समोर एकदा भाजलेली सरड (दब्ब) ठेवण्यात आली. त्यांनी हात मागे घेतला. ही हराम आहे काय, असे विचारता त्यांनी नाही म्हटले. आमच्या लोकांच्या भूमीत ही नसते, म्हणून मला ती नकोशी वाटते, एवढेच सांगितले. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी ती त्यांच्यासमोरच खाल्ली. एकाच दस्तरख्वानावर एकाने टाळले, दुसऱ्याने खाल्ले आणि दोघांपैकी कोणाच्याही श्रद्धेत उणेपणा आला नाही. दूध टाळणाऱ्या बाळाच्या बाबतीतही हेच लागू होते. अल्लाहने हलाल केलेले स्वतःवर हराम करून घेऊ नका, असे कुरआनने बजावले आहे खरे. पण औषधोपचार म्हणून एखादी वस्तू काही काळ न देणे म्हणजे तिला हराम ठरविणे नव्हे. मधुमेही माणूस खजूर मोजून खातो म्हणून तो खजुराचा अनादर करतो, असे कोणी म्हणत नाही.

मधाबाबतही हेच. सूरह अन-नहलमध्येच, ६९ व्या आयतीत, मधात लोकांसाठी आरोग्य असल्याचे सांगितले आहे. परंतु एक वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यांत मधातील काही जंतूंची बीजे वाढून विष तयार होण्याचा धोका असतो आणि त्याने बाळ लुळे पडू शकते. म्हणून या वयात मध चाटवू नये, असे वैद्यक सांगते. त्यामुळे आयत खोटी ठरत नाही. देणगी खरी आहे, पण तिची वेळ आणि तिचा घेणारा कोण, हे पाहण्यासाठीच अल्लाहने बुद्धी दिलेली आहे.

भरवसा आणि साधन

दुसरा प्रश्न तवक्कुलचा, म्हणजे अल्लाहवरील भरवशाचा. रोग देणारा तो आणि बरे करणारा तो, मग एवढी धडपड कशाला, असे काहींना वाटते. प्रेषितांना एकाने विचारले, की उंटीण मोकळी सोडून भरवसा ठेवू की बांधून ठेवू? आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे उत्तर त्याला मिळाले. खेडुतांनी उपचाराविषयी विचारले तेव्हा उपचार करा, कारण वार्धक्याखेरीज प्रत्येक रोगावर अल्लाहने औषध ठेवले आहे, असे त्यांनी सांगितले. शाम देशात साथ पसरली असता हजरत उमर (रजि.) माघारी वळले. अल्लाहच्या निर्णयापासून पळता काय, असा प्रश्न आल्यावर त्यांनी सांगितले, की आम्ही अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत. रोग हा निर्णय आहे तसा उपायही त्याचाच निर्णय आहे.

या संदर्भात अबू दाऊदच्या संग्रहातील एक हदीस फार विचार करायला लावणारी आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर स्नान अनिवार्य झाले. त्याने सोबत्यांना विचारले, की मला तयम्मुमची सवलत आहे काय? पाणी उपलब्ध आहे, म्हणून सवलत नाही, असे ते म्हणाले. त्याने स्नान केले आणि त्यात तो मरण पावला. ही वार्ता कळताच प्रेषित अत्यंत संतापले. यांनीच त्याला मारले, ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावर विचारणे हेच औषध आहे, असे ते म्हणाले.

ते सोबती दुष्ट नव्हते. धर्माचा नियम काटेकोर पाळावा, हीच त्यांची इच्छा होती. पाणी पवित्र आहे, पाणी समोर आहे, मग पाणीच वापर, हा त्यांचा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. त्यांनी जखमेकडे मात्र पाहिले नाही. दूध पवित्र आहे, दूध घरात आहे, मग दूधच पाज, असे म्हणणारे लोक नेमकी तीच चूक करतात. त्यांचा हेतू चांगला असतो; पण चांगल्या हेतूने त्या जखमी माणसाचा जीव वाचला नाही आणि प्रेषितांनी त्या हेतूकडे पाहून त्यांना सोडलेही नाही.

तयम्मुमचा हा नियम आपल्या विषयात दोन्ही बाजूंनी मार्ग दाखवितो. पाणी अपाय करीत असेल तर माती पुरते आणि मातीने शुद्ध होऊन पढलेली नमाज कमी दर्जाची नसते. त्याचप्रमाणे आजारी बाळाला विशेष फॉर्म्युला पाजणारी आई कमी दर्जाची आई नसते. पण पाणी हाताशी असेल आणि अपायही नसेल, तर तयम्मुम चालत नाही. त्याचप्रमाणे निरोगी बाळाला केवळ सोयीसाठी किंवा कोणी भरीस घातले म्हणून अंगावरचे दूध तोडून डब्याकडे वळविणे योग्य नाही.

ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीच्या विक्रीवर बंधने असावीत यासाठी १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आचारसंहिता स्वीकारली आणि भारतात १९९२ साली त्यासाठी कायदा झाला. अशा भुकटीची जाहिरात करण्यास आपल्या देशात मनाई आहे. इंग्लंडमध्ये २००६ ते २०१६ या दहा वर्षांत दुधाच्या ॲलर्जीवरील विशेष फॉर्म्युल्याच्या चिठ्ठ्या सुमारे एक लाखावरून सहा लाखांच्या वर गेल्या. आजार मात्र तितक्या पटीने वाढल्याचा पुरावा नव्हता, म्हणून तेथील डॉक्टरांतूनच शंका उपस्थित झाली. बाळ रडते, दूध उलटते, अंगावर पुरळ येते, हे तान्ह्या वयात पुष्कळदा आपोआप थांबणारे असते. म्हणून दोन ते चार आठवडे दूध बंद करून लक्षणे जातात काय ते पाहणे आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा थोडे देऊन ती परततात काय ते तपासणे, हीच खात्रीची पद्धत आहे. नसलेला आजार चिकटविणे आणि असलेला आजार नाकारणे, दोन्ही वजनात केलेली खोट आहे. सूरह अर-रहमानने तराजूत घट न करण्याचा जो आदेश दिला आहे तो केवळ वाण्याच्या दुकानापुरता नाही.

आईच्या माथी दोष

आता घराच्या आत येऊ. बाळाला दूध मानवत नाही असे कळताच पहिला बोल बहुधा आईला लागतो. तुझेच दूध वाईट, तू काय खाल्लेस, आमच्या घराण्यात असे कधी झाले नाही, अशी वाक्ये तिच्या कानी पडतात. डॉक्टरांनी दूध वर्ज्य करण्यास सांगितले म्हणून तिने दुधाचा चहा नाकारला, ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी बाजूला सारली, तर नखरे म्हणून हिणवले जाते.

या प्रसंगी सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीचा आशय प्रत्येक घरात समजावून सांगितला गेला पाहिजे. त्या आयतीत स्तनपानाची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे आणि ती पूर्ण करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली आहे. कोणावरही त्याच्या शक्तीबाहेर भार टाकला जाऊ नये, मुलाच्या निमित्ताने आईला त्रास दिला जाऊ नये आणि पित्यालाही दिला जाऊ नये, असे स्पष्ट केले आहे. दूध तोडायचे तर दोघांनी आपसांत सल्लामसलत करून संमतीने तोडावे आणि दुसऱ्या स्त्रीकडून पाजवून घ्यायचे तरी त्यात दोष नाही, असेही सांगितले आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या या आदेशात बाळाचे पोषण ही एकट्या आईची परीक्षा मानलेली नाही. ते आई आणि वडील या दोघांचे संयुक्त कर्तव्य आहे, त्यात सल्लामसलत आहे, पर्याय आहे आणि आईला छळू नये, ही सक्त ताकीद आहे.

आईचे दूध वाईट नसते. तिच्या आहारातील गाईच्या प्रथिनांचा अगदी अल्प अंश तिच्या दुधात उतरतो आणि बाळाला तेवढाही बाधतो, एवढीच गोष्ट आहे. तिच्या ताटातून दूध, दही, पनीर, मावा, दुधाची भुकटी घातलेली बिस्किटे काढली, की बहुधा प्रश्न मिटतो. मात्र त्याबरोबर तिच्या शरीराची झीज होऊ नये म्हणून नाचणी, तीळ यांसारखे अन्न आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून देणे हे पतीचे कर्तव्य आहे. आयतीतील अन्नवस्त्राच्या जबाबदारीचा आजचा अर्थ हाच आहे. आणि घरातील इतरांनीही काही दिवस तिच्यासोबत कोरा चहा घेतला, तर तिला एकटे वाटणार नाही.

खाला किंवा चाचीने बाळाला अंगावर पाजावे, अशीही सूचना कधी पुढे येते. शरीअतने त्यास अनुमती दिली आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ती स्त्री स्वतः दुधाचे पदार्थ खात असेल तर तिच्या दुधातूनही बाळाला तोच त्रास होऊ शकतो. शिवाय त्यातून दूधनाते जुळते. शाफई मजहबात पाच वेळा पाजल्याने आणि हनफी मजहबात अल्प प्रमाणातही ते जुळते आणि पुढे विवाहसंबंधात ते बंधनकारक ठरते. म्हणून पाजलेच तर ते घरात सर्वांना ठाऊक असावे आणि लिहून ठेवावे.

एका चमच्याचा प्रश्न

सर्वांत नाजूक गोष्ट पुढेच आहे. आईवडिलांनी दूध बंद केले आहे. दादीला किंवा फुफीला ते पटलेले नाही. आई नमाजला उभी राहिली आहे असे पाहून बाळाच्या तोंडात हळूच एक चमचा दूध घातले जाते. एका चमच्याने काय होते, असे मनात म्हटले जाते. कधी काही दिसत नाही आणि मग तो चमचा विजयाने सांगितला जातो. कधी रात्री बाळ कळवळते आणि मग तो चमचा लपविला जातो. डॉक्टर विचारतात, घरचे नाही म्हणतात, आणि उपचार चुकीच्या दिशेने जातात. आजार तीव्र स्वरूपाचा असेल तर तो एक चमचा बाळाचा श्वास अडकविण्यास पुरेसा असतो.

हे प्रेमापोटीच होते, यात शंका नाही. त्या वृद्ध हातांनी सहा-सात मुले वाढविलेली असतात आणि त्या अनुभवाचा मान राखणे हे धाकट्यांचे कर्तव्य आहे. आईवडिलांपुढे ‘उफ्’ देखील न म्हणण्याची शिकवण आम्हाला मिळालेली आहे. पण आदर आणि अमानत यांत फरक आहे. मूल ही अल्लाहची अमानत आहे आणि तिचा हिशेब द्यावयाचा आहे. कोणाला अपाय करू नये आणि अपायाच्या बदल्यात अपाय करू नये, हा प्रेषितांनी घालून दिलेला नियम त्या बाळालाही लागू आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो तो त्याच्या परिणामास जबाबदार धरला जाईल, असेही प्रेषितांनी सांगितले आहे. घरातला लपविलेला चमचा हा एक उपचारच आहे आणि तो करणाऱ्यावर ही जबाबदारी येते.

यावर वडीलधारे एक रास्त प्रश्न विचारतात: कधीतरी पाजून पाहिल्याशिवाय आजार गेला हे कळणार कसे? प्रश्न बरोबर आहे आणि त्याचे उत्तर वैद्यकापाशी आहे. काही महिन्यांनी डॉक्टर स्वतःच दूध देऊन पाहण्याची वेळ ठरवितात. अनेकदा भाजलेल्या पदार्थातील अल्प दुधापासून पायरी-पायरीने सुरुवात करतात आणि आजार तीव्र असेल तर रुग्णालयातच, औषध हाताशी ठेवून, ही चाचणी घेतात. चमचा तोच असतो. पण एकामागे मशवरा आहे आणि दुसऱ्यामागे लपवाछपवी. ज्या दिवशी बाळाला दूध सोसेल त्या दिवशीचा पहिला घोट दादीच्या हातून पाजवावा. तिच्या मायेला याहून मोठा सन्मान कोणता असणार?

डबा हलाल आहे काय?

श्रद्धावंत पालकांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो आणि तो टाळण्यासारखा नाही. दुधातील प्रथिने तोडण्यासाठी जी विकरे वापरतात ती काही उत्पादनांत डुकराच्या स्वादुपिंडापासून मिळविलेली असतात. सर्वच उत्पादनांत असे नसते. पण डब्यावरील घटकांच्या यादीत त्यांचा उल्लेख असेलच, असेही नाही. म्हणून कंपनीला पत्र लिहून विचारावे आणि हलाल प्रमाणपत्र आहे काय ते पाहावे. अमिनो आम्लांच्या फॉर्म्युल्यात दुधाची प्रथिने तोडण्याची पायरीच नसल्याने तिथे हा विशिष्ट प्रश्न येत नाही. तरीही खात्री करून घ्यावी आणि असा पर्याय आपल्या बाळाला चालेल काय, हे डॉक्टरांना विचारावे.

वस्तूचे मूळ स्वरूप पूर्ण पालटले तर तिचा हुकूम पालटतो, हे तत्त्व हनफी फुकहांनी व्यापकपणे मानले आहे. शाफई मजहबात त्याला फार मर्यादित वाव आहे. आमच्या महाराष्ट्रात कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई आहेत आणि घाटावरचे बहुतांशी हनफी. त्यामुळे एकाच डब्याविषयी दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळाली तर गोंधळून जाऊ नये. आपल्या विश्वासातील मुफ्तींना डब्याची पूर्ण माहिती देऊन विचारावे. पर्याय खरोखरच उपलब्ध नसेल आणि बाळाचे जीवन त्यावर अवलंबून असेल, तर सूरह अल-बकराच्या १७३ व्या आयतीने अगतिक माणसाला, आज्ञाभंगाची इच्छा नसताना आणि गरजेची मर्यादा न ओलांडता, जी मुभा दिली आहे ती आधाराला आहे. तान्हे बाळ स्वतः शरीअतच्या हुकमाला बांधलेले नाही, परंतु त्याचे पालक बांधलेले आहेत. म्हणून शोध घेणे हे त्यांचे कर्तव्य आणि शोध घेऊनही न मिळाल्यास बाळाला उपाशी न ठेवणे हेही त्यांचे कर्तव्य.

ज्याला परवडत नाही त्याचे काय?

हा विशेष फॉर्म्युला साध्या भुकटीच्या कितीतरी पट महाग असतो आणि एक डबा थोडेच दिवस पुरतो. मग काही गरीब घरांत डबा अधिक दिवस चालावा म्हणून ठरल्यापेक्षा कमी चमचे घालून किंवा पाणी वाढवून दूध तयार केले जाते. बाळाचे पोट भरते, पण शरीर भरत नाही. फार पातळ दूध सतत दिल्यास रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडून झटकेही येऊ शकतात. डब्यावर लिहिलेल्या मापात बदल करू नये, हे त्या आईला सांगावेच लागेल. पण केवळ एवढे सांगून आपण मोकळे होतो काय?

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक घटना प्रसिद्ध आहे. बाहेरगावचा काफिला मदीनेत उतरला होता आणि खलीफा स्वतः रात्री पहाऱ्यावर होते. एका बाळाचे रडणे पुन्हा पुन्हा कानी आले. त्यांनी आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, की मी याचे दूध तोडते आहे आणि तो मानत नाही. उमर तर दूध सुटलेल्या मुलांनाच अनुदान देतात. समोर कोण उभे आहे, हे तिला ठाऊक नव्हते. त्या पहाटेच्या नमाजमध्ये रडण्यामुळे त्यांचे पठण लोकांना नीट कळेना. आपल्या नियमाने किती मुलांचा जीव गेला असेल, या विचाराने ते हादरले होते. नमाजनंतर त्यांनी दवंडी पिटविली, की कोणीही मुलांचे दूध घाईने तोडू नये. आता जन्मलेल्या प्रत्येक बाळाला अनुदान मिळेल.

त्या आईला त्यांनी धीर धरण्याचा उपदेश करून सोडले नाही. बाळाच्या रडण्याचे कारण त्यांनी आपल्या व्यवस्थेत शोधले आणि व्यवस्था बदलली. आज आमच्या मोहल्ल्यात एखादी आई दुधात पाणी वाढवीत असेल, तर तो प्रश्न तिच्या घराचा राहत नाही. ते घर जकातीस पात्र असेल तर जकातीतून आणि नसेल तर सदक्यातून काही महिन्यांचे डबे देता येतात. मस्जिदीच्या बैतुलमालने अशा दोन-तीन घरांची जबाबदारी वर्षभरासाठी उचलली, तर खर्च ठराविक काळापुरता आहे, कारण बहुतेक बाळे एक-दोन वर्षांत सर्वसाधारण अन्नावर येतात. लग्नाच्या एका जेवणावळीत उधळल्या जाणाऱ्या रकमेपुढे तो खर्च काहीच नाही. आणि हे करताना त्या घराची लाज राखली जावी. डबा पोहोचला पाहिजे, छायाचित्र नव्हे.

हे दुःख बाळाच्याच वाट्याला का, याचे संपूर्ण उत्तर आपल्यापाशी नाही. ते ज्ञान अल्लाहपाशी आहे. पण एवढे निश्चित, की तान्ह्याने कोणतेही पाप केलेले नाही. परीक्षा त्याच्याभोवती उभ्या असलेल्यांची आहे. वडिलांनी खर्चाकडे पाहिले की कर्तव्याकडे, सासरच्यांनी सुनेला दोष दिला की आधार, थोरांनी न कळणाऱ्या गोष्टीत विचारून घेतले की गुपचूप चमचा पुढे केला, आणि शेजाऱ्यांनी दार ठोठावले की नुसती चर्चा केली, याची नोंद होत आहे. गुराढोरांच्या पोटात शेण आणि रक्त यांच्या मधून जो निखळ दूध काढतो, त्याच्याच अनुमतीने माणसाने त्या दुधातून एका नाजूक जिवाला सोसेल असे अन्न काढण्याची विद्या मिळविली. ही विद्यादेखील त्याचीच देणगी आहे. तिचा शुक्र असा, की ती ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचावी.

हे अल्लाह, आमच्या तान्ह्यांना आरोग्य दे, त्यांच्या मातांना धैर्य आणि त्यांच्या घरांना समज दे, आणि जी अमानत तू आमच्या ओंजळीत ठेवली आहेस ती सांभाळण्याची सद्बुद्धी आम्हा सर्वांना दे. आमीन.